आगरकर नव्हे, आघारकर



सप्टेंबर जवळ आला की आमच्या माण-हिंजवडी पट्ट्यात शाली आणि नारळांचा खप वाढतो. पाच तारखेचा शिक्षक दिन! ग्रामपंचायत, तरुण मंडळे, पतसंस्था, झालेच तर नव्या सोसायट्यांमधली मंडळी, सगळ्यांनाच कोणीतरी शिक्षक सत्काराला हवा असतो. निवृत्तीनंतर माझ्याही वाट्याला चार-पाच शाली आल्या. सौ.ने त्या डांबराच्या गोळ्या घालून कपाटात ठेवल्या आहेत. या समारंभांची टवाळी करायचा माझा मुळीच विचार नाही. गावाने आठवण ठेवली की बरे वाटते, आणि या वयात तर जरा जास्तच बरे वाटते.

पण एक गोष्ट माझ्या नेहमी लक्षात येते. मानपत्रात ‘आदर्श’, ‘सेवाभावी’, ‘विद्यार्थिप्रिय’ हे शब्द ठरलेले असतात. त्या माणसाने वर्गात नेमके काय शिकवले, मुलांना काय दाखवले, हे मात्र त्यात औषधालाही नसते. नाव बदलले तर तेच मानपत्र दुसऱ्याला चालेल!

माझी पुतणी बंगळुरूला एका महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. तिने मध्यंतरी ईमेलवर विचारले, “काका, जीवशास्त्राच्या शिक्षणासाठी झटलेल्या लोकांचा आपल्याकडे कधी सन्मान झालाय का हो? तुम्ही इतिहासाचे वेडे, जरा शोधा ना.” मी पडलो बी.ए. मराठीचा माणूस. पण इतिहास वाचायची खोड जुनी आहे, आणि नोकरीत सामान्य विज्ञानाचे तासही पुष्कळ घेतले आहेत. १९७५ साली नव्या आकृतिबंधाची दहावीची पहिली परीक्षा झाली, विज्ञान सगळ्यांच्याच माथी आले, आणि खेड्यातल्या शाळांत विज्ञानाचे शिक्षक होते कुठे? मग जो मोकळा सापडेल त्याच्या हाती खडू! तर पुतणीच्या प्रश्नाचा हा माझ्या परीने उत्तर द्यायचा प्रयत्न.

सुरुवात पुण्यातल्या एका पाटीपासून करतो. लॉ कॉलेज रस्त्याच्या परिसरात, गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर एक संस्था आहे, आघारकर संशोधन संस्था. आता रस्ता आगरकरांचा आणि संस्था आघारकरांची! परिणाम व्हायचा तोच होतो. पिढ्यान्‌पिढ्या पुण्यात राहिलेले लोकही ही संस्था ‘सुधारक’कार आगरकरांच्या नावाची समजतात. एका ‘घ’च्या फरकाने एक आख्खा माणूस झाकला गेला आहे. गोपाळ गणेशांबद्दल आदर आहेच, पण हे आघारकर वेगळे.

शंकर पुरुषोत्तम आघारकर. जन्म मालवणचा, १८ नोव्हेंबर १८८४. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि तिथेच जीवशास्त्र शिकवू लागले. त्या काळी आपल्याकडच्या शिकलेल्या मुलांना वकील व्हायचे असे, नाहीतर सरकारी नोकरी हवी असे. रानात हिंडून पाने आणि किडे गोळा करणे हा साहेबाचा छंद समजला जाई. आघारकर मात्र सह्याद्रीत हिंडले. १९११ च्या सुमारास सातारा जिल्ह्यातल्या वेण्णा नदीच्या खोऱ्यात त्यांना एक अजब प्राणी मिळाला, गोड्या पाण्यातली जेलीफिश. छत्रीच्या आकाराचे, पारदर्शक, इवलेसे जनावर. जेलीफिश म्हणजे समुद्रातली, एवढेच आपल्याला ठाऊक. आणि हिच्या जातकुळीतली गोड्या पाण्यातली जेलीफिश तोवर माहीत होती ती आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरासारख्या ठिकाणी. ती आपल्या वेण्णेत कशी? कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधले नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी तिचे शास्त्रीय वर्णन केले आणि तिच्या नावात ‘इंडिका’ आले. माणूस वनस्पतीशास्त्राचा आणि सापडला प्राणी! पण डोळे उघडे ठेवणाऱ्याला विषयाच्या भिंती आडव्या येत नाहीत, हे मला त्यातून फार आवडले.

आता जरा कोलकात्याला जाऊ, कारण आघारकरांची पुढची तीसेक वर्षे त्या शहराशी बांधलेली होती. तिथे सर रासबिहारी घोष नावाचे नामांकित वकील होते. त्यांनी १९१३ साली कोलकाता विद्यापीठाला १० लाख रुपये दिले. त्या काळचे १० लाख, बरे का! त्यातून प्राध्यापकांची चार पदे निर्माण झाली: उपयोजित गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि वनस्पतीशास्त्र. यातले वनस्पतीशास्त्राचे पद १९१४ साली आघारकरांना मिळाले. पुढच्या अभ्यासासाठी ते जर्मनीला गेले, आणि तेवढ्यात पहिले महायुद्ध पेटले. ब्रिटिशांचे प्रजाजन म्हणून शत्रूच्या देशात ते स्थानबद्ध झाले. पुढे बर्लिनला एंगलर या मोठ्या वनस्पतीशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी. केली. विषय होता वायव्य हिंदुस्थानातल्या कोरड्या प्रदेशातल्या वनस्पती आणि त्यांचा प्रसार. बी वाऱ्यावर कशी उडते, जनावराच्या अंगाला कशी चिकटते, कुठून कुठे पोचते, असला अभ्यास. १९२० साली ते परतले आणि १९४६ पर्यंत कोलकात्यात शिकवत राहिले.

साठी उलटलेली. सुखाने मालवणला जाऊन मासळी-भात खात बसायचे दिवस. पण आघारकर पुण्याला आले ते नवीन काम अंगावर घ्यायला. कोलकात्यात १८७६ साली महेंद्रलाल सरकार यांनी लोकांच्या देणग्यांतून विज्ञानाच्या जोपासनेसाठी एक संस्था काढली होती. तशीच संस्था महाराष्ट्रात हवी, म्हणून १९४६ साली पुण्यात ‘महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी’ सुरू झाली आणि आघारकर तिचे पहिले संचालक झाले. जागा कुठली? तर लॉ कॉलेजच्या आवारातली. लॉ कॉलेजचे संस्थापक ज. र. घारपुरे यांचा त्याला आधार होता. गंमत पाहा, कोलकात्यात वनस्पतीशास्त्राच्या खुर्चीला पैसे दिले एका वकिलाने आणि पुण्यात आसरा दिला कायदा शिकवणाऱ्यांनी! पुतणीच्या प्रश्नात ‘झटलेले लोक’ असा शब्द आहे. त्यात फळ्यासमोर उभे राहणारेच मोजायचे असे नाही. ज्यांना स्वतःला फुलातला पुंकेसर ओळखता आला नसता, पण दुसऱ्याला तो दाखवता यावा म्हणून ज्यांनी खिसा किंवा दार उघडले, तेही त्यात आले.

आघारकरांनी हे संचालकपद मानद म्हणून, पगार न घेता सांभाळले, १९६० साली त्यांचे निधन होईपर्यंत. संस्थेला त्यांचे नाव दिले गेले ते १९९२ साली. म्हणजे मृत्यूनंतर बत्तीस वर्षांनी! उशीर झाला म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. बत्तीस वर्षांनंतरही संस्था चालू होती आणि त्यांचे नाव लावावेसे वाटण्याइतकी जोमात होती, हे जास्त महत्त्वाचे. शेतकरी वाचकांना माहीत असेल, ‘एमएसीएस’ अशी अक्षरे असलेले गव्हाचे आणि सोयाबीनचे वाण बाजारात असतात. एमएसीएस ६२२२ हा गहू त्यातलाच. ती चार अक्षरे म्हणजे या विज्ञान वर्धिनीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे, आणि बारामती तालुक्यातल्या होळ येथे संस्थेचे शेत आहे. पिशवीवरचा आकडा शेतकऱ्याला पाठ असतो, त्यामागचा मालवणचा माणूस मात्र कोणाला ठाऊक नसतो.

याच संस्थेत दोन हर्बेरियम आहेत. हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचे ग्रंथालयच. झाड फुलासकट दाबून, वाळवून, कागदावर चिकटवायचे. बाजूला कुठे, कधी, कोणी गोळा केले ते लिहायचे. शंभर वर्षांनीही तो कागद उघडून पडताळा घेता येतो. त्यातल्या वनस्पतींच्या संग्रहाला नाव आघारकरांचे, आणि बुरशींच्या संग्रहाला नाव प्रा. आजरेकरांचे. श्री. ल. आजरेकर हेसुद्धा वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक. ज्वारीच्या कणसातून चिकट मधासारखा रस गळतो तो चिकटा रोग आमच्याकडच्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. त्यावर आजरेकरांनी १९२६ साली निबंध लिहिला. पुढे बुरशींचे दुसरे गाढे अभ्यासक प्रा. मा. ना. कामत यांच्या पुढाकाराने विज्ञान वर्धिनीत हा संग्रह उभा राहिला आणि त्यावर आजरेकरांचे नाव लागले. एका अध्यापकाने दुसऱ्याचे नाव लावले ते कपाटांना, आणि त्या कपाटांत रोज नव्या नमुन्याची भर पडू शकते. शालीत अशी भर पडत नाही!

आता फुलांकडे वळतो. वनस्पतीशास्त्रात सन्मानाची एक खास रीत आहे. नव्या जातीला एखाद्याचे नाव द्यायचे. स्वतःचे स्वतःला द्यायचे नाही, असा संकेत. ही रीत रुजवली स्वीडनच्या कार्ल लिनियसने. तरुणपणी त्याला आसरा आणि काम देणारे वयोवृद्ध प्राध्यापक होते ओलोफ रुडबेक. त्यांच्या मुलांना तो शिकवीत असे. त्याने सूर्यफुलाच्या नात्यातल्या एका सुंदर पिवळ्या फुलझाडाला ‘रुडबेकिया’ नाव दिले. आज ते नाव जगभरच्या बागांत आहे. (आणि आपल्यावर टीका करणाऱ्या सिगेसबेक नावाच्या गृहस्थाचे नाव त्याच लिनियसने एका चिकट, क्षुल्लक रानझुडपाला ठेवले, असेही सांगतात. विद्वान झाला तरी माणूसच!)

आपल्या पुणे जिल्ह्यात या रीतीचा एक छान इतिहास सापडतो. जुन्नरच्या शिवनेरीच्या कड्यावर ‘शिंदळ माकुडी’ नावाची एक मांसल पानांची, छोट्या चांदणीसारख्या लालसर फुलांची दुर्मिळ वनस्पती आहे. तिला १८६० च्या दशकात डॅल्झेल या जंगलखात्याच्या अधिकाऱ्याने ‘फ्रेरिया इंडिका’ नाव दिले. फ्रेरिया का? तर तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या सन्मानार्थ. पुढे शास्त्रज्ञांनी तिची जागा बदलून ती दुसऱ्या वंशात घातली, पण ‘फ्रेराय’ म्हणून फ्रियरसाहेब नावात टिकून आहेतच. साहेबाला विज्ञानाबद्दल आस्था होती म्हणतात, मान्य. पण शिवरायांच्या जन्मस्थळी फुलणाऱ्या फुलाला गव्हर्नराचे नाव, हे त्या काळाला साजेसेच झाले.

त्यानंतर शंभरेक वर्षांनी, १९७१ साली, त्याच जुन्नरच्या परिसरातल्या डोंगरावरून मिळालेल्या एका कंदीलपुष्पाला हेमाद्री आणि अन्सारी या दोन वनस्पतीशास्त्रज्ञांनी नाव दिले ‘सेरोपेजिया महाबळेई’. हे महाबळे म्हणजे प्रा. त्र्यं. शं. महाबळे, पुणे विद्यापीठातल्या वनस्पतीशास्त्र विभागाचे सुरुवातीच्या काळातले प्रमुख. विद्यापीठ १९४९ चे, म्हणजे विभाग अक्षरशः पाया घालण्यापासून उभा करायचा होता. शंभर वर्षांत, एकाच तालुक्यात, फुलाच्या नावात गव्हर्नराच्या जागी शिक्षक आला! मला तर हे स्वातंत्र्याचे एक फार गोड फळ वाटते. त्याची नोंद पाठ्यपुस्तकातल्या इतिहासात सापडायची नाही.

कंदीलपुष्प पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पावसाळ्यात जमिनीतल्या कंदातून कोंब येतो आणि त्याला कंदिलासारखे फूल लागते. फुलाच्या नळीत खाली झुकलेले केस असतात. बारीक माशी आत शिरते, पण केसांमुळे बाहेर येऊ शकत नाही. मग केस सुकतात आणि परागकण अंगाला लागलेली माशी सुटते. तात्पुरती कैद, कामासाठी! कंद खाण्याजोगे असल्याने माणसे ते उकरतात, डोंगर फोडले जातात, चराई होते, आणि या जाती कमी होत चालल्या आहेत.

आणखी एक नाव घेतलेच पाहिजे. फादर हर्मेनेगिल्ड संतापाव. जन्माने स्पॅनिश, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी खंडाळ्याच्या डोंगरात वर्षानुवर्षे पायपीट करून तिथल्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिला, तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. खंडाळा म्हणजे आपल्या मुळशीच्या डोंगरांचा सख्खा शेजार. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख झाले. १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९७० साली ते गेले. एका कंदीलपुष्पाला त्यांचेही नाव आहे. पद्मश्री मोठी की कंदीलपुष्प मोठे? फादरांनी काय उत्तर दिले असते याचा अंदाज करायला हरकत नाही!

आता घराजवळ येतो. आमच्या मुळशी-मावळात देवराया आहेत हे तुम्हाला माहीत आहे. देवाचे रान, फांदी तोडायची नाही, पडलेले लाकूडही घरी न्यायचे नाही. आम्ही लहानपणी तिथे जायला घाबरायचो. या रानांचे शास्त्रीय मोल जगापुढे मांडले ते विज्ञान वर्धिनीतल्या वा. द. वर्तकांनी आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी. १९७० च्या दशकात दोघे सह्याद्रीत गावोगाव फिरले. त्यांचा देवरायांवरचा लेख १९७६ साली ‘इकॉनॉमिक बॉटनी’ या नियतकालिकात आला. म्हणजे पाहा, आघारकरांनी उभी केलेली संस्था, तिच्यातले वर्तक, आणि त्यांच्या पायांखाली आमची रानवाट. माणसाचा सन्मान असा पुढे चालत राहतो.

आणि याच्या उलटही होते. डॉ. हेमा साने यांचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. पुण्याच्या गरवारे महाविद्यालयात त्यांनी वर्षानुवर्षे वनस्पतीशास्त्र शिकवले, विभागप्रमुख झाल्या. विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके लिहिली, तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी मराठीत ‘आपले हिरवे मित्र’ आणि ‘बुद्ध परंपरा आणि बोधिवृक्ष’ यांसारखी पुस्तके लिहिली. बुधवार पेठेत तांबडी जोगेश्वरीजवळच्या जुन्या घरात त्या विजेशिवाय राहत. २०१९ च्या सुमारास ही बातमी देशभर झाली. सगळीकडे एकच कौतुक, “बाई विजेशिवाय राहतात!” २०२५ च्या सप्टेंबरात त्या गेल्या, तेव्हाही बहुतेक मथळे विजेचेच. साधेपणा थोर होता, त्यात शंका नाही. पण त्यांनी जन्मभर दिवा लावला तो झाडांवर, आणि आम्ही पाहत बसलो दिव्याकडे. आघारकरांचे नाव ‘ग’ आणि ‘घ’ मध्ये हरवले, सानेबाईंचे काम विजेच्या मीटरमध्ये.

तर मंडळी, एवढे सगळे वाचून-आठवून मला जे वाटते ते असे. शिक्षकाचा सन्मान करताना आपण माणसाला धरतो आणि कामाला सोडतो. महाबळे, संतापाव, आजरेकर यांच्या वाट्याला आलेला सन्मान टिकला, कारण तो कामाला चिकटलेला आहे. ‘महाबळेई’ म्हणायचे तर समोर फूल लागते. नुसत्या नावाने भागत नाही. उद्या ते कंदीलपुष्प डोंगरावरून नाहीसे झाले तर महाबळ्यांचा सन्मान एका वाळक्या कागदावर उरेल.

शाळेतलेही असेच. मी नोकरी केली त्यातल्या एका शाळेत (नाव कशाला घेऊ?) सूक्ष्मदर्शक होता. डेडस्टॉक रजिस्टरात त्याची नोंद, कपाटाला कुलूप, किल्ली कार्यालयात. फुटला तर भरपाई कोणाच्या पगारातून, ही सगळ्यांना धास्ती. मुलांनी सूक्ष्मदर्शकाची आकृती दहा वेळा काढली, नावे दिली, गुण मिळवले. त्यातून पाहिले मात्र कोणी नाही. त्याच शाळेत विज्ञानाच्या एक बाई होत्या. जुलैत ओढ्यावरून बेडकाची अंडी काचेच्या बरणीत आणून त्या खिडकीत ठेवत. अंड्यांतून पिल्ले, मग शेपटी, मग पाय, वर्ग रोज सकाळी आधी बरणीकडे धावे. पुढे त्यांचा सत्कार झाला. कशासाठी? शंभर टक्के निकालासाठी. बरणीचा उल्लेख कोणीही केला नाही. त्या बरणीतून शिकलेली एक मुलगी आज परिचारिका आहे आणि भेटली की बरणीचेच बोलते. निकाल किती लागला होता ते तिला आठवतही नाही.

आज तो ओढा पाइपातून जातो. वरती रस्ता आहे, मेट्रोचे खांब आहेत, काचेच्या इमारती आहेत. मी त्याविरुद्ध रडगाणे गाणार नाही. आमच्या घरातलीच मुले त्या इमारतींत कामाला जातात आणि घर त्यावर चालते. पण इथल्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या नव्या बाईंनी बेडकाची अंडी आणायची कुठून? अजून डोंगराकडच्या अंगाला दोन-चार ओहोळ आहेत, माळावर पावसाळी फुले येतात. दहा वर्षांनी असतील का, सांगता येत नाही.

म्हणून यंदा सत्काराचे आमंत्रण घेऊन मंडळी येतील तेव्हा मी दोन गोष्टी सुचवणार आहे. एक, मानपत्रात निदान एक ओळ शिक्षकाने काय शिकवले याची असावी, नावे-गावे आणि झाडे-किड्यांसकट. दोन, शालीचे पैसे वाचवून माणच्या परिसरातल्या झाडाझुडपांची एक यादी शाळेतल्या मुलांकडून करून घ्यावी, मराठी नावांनी, कुठे पाहिले त्या जागेसह, आणि तिला गावातल्या एखाद्या विज्ञान शिक्षकाचे नाव द्यावे. दरवर्षी त्यात भर घालावी. ऐकतील की नाही, माहीत नाही. मागच्या वर्षी मी व्यासपीठावर टेबलफॅन मागितला होता, तोही आला नाही!

तोपर्यंत तुमच्यासाठी एक काम. तुम्हाला जीवशास्त्र शिकवणाऱ्या सरांचे किंवा बाईंचे नाव आठवा, आणि त्यांनी दाखवलेली एक तरी गोष्ट आठवा. झाड, किडा, बेडूक, काहीही. ते हयात असतील तर फोन करून त्या गोष्टीचे नाव घ्या. ‘सर, तुम्ही फार चांगले होता’ एवढे म्हणून थांबू नका. ‘सर, तुम्ही दाखवलेली जास्वंद अजून आठवते’ असे म्हणा.

पुतणीला हे सगळे ईमेलने पाठवतोच आहे. असो. लोभ आहेच, तो वाढावा.